रुमालाखालचा सौदा

चित्रांच्या प्रदर्शनाला काय घालून जातात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी लग्नाला जातो तसा गेलो. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पॅन्ट आणि खांद्यावर रुमाल. रुमाल मी कुठेच सोडत नाही. अंबडच्या बैलबाजारात दलाली करायचो तेव्हापासूनची ती सवय आहे. बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नसतो. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात आणि बोटांवर भाव ठरतो. भोवती उभ्या असलेल्या पन्नास माणसांना आकडा कळत नाही. नववीत शाळा सोडून मी त्या रुमालाखाली हात घातला, आणि आज जुन्या ट्रॅक्टरांचा माझा स्वतःचा व्यवहार आहे. यात कोणाचा एक पैसा नाही, की कोणाची शिफारस नाही. हे मी जरा जास्तच वेळा सांगतो, असं घरचे म्हणतात.

प्रदर्शन माझ्या मुलीचं होतं. तिचं आणि तिच्या तीन मैत्रिणींचं. ती चित्रकलेच्या कॉलेजात शिकली आहे. दोन वर्षांपूर्वी संभाजीनगरला तिचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा ती फोनवर म्हणाली होती, "पप्पा, तुम्ही येऊ नका. तुम्हाला कंटाळा येईल." मला कंटाळा येईल म्हणे. उन्हाळ्यात बारा-बारा तास बाजारात उभा राहिलेला माणूस मी. ते वाक्य मी दोन वर्षं मनात धरून ठेवलं. कोणी मुलीची चौकशी केली की मी म्हणायचो, "ती मोठी कलावंत झाली, आम्ही बाजारातले." त्यामुळे जालन्याच्या प्रदर्शनाला तिने मला आणि तिच्या आईला बोलावलं तेव्हा आनंदापेक्षा मला जास्त वाटलं ते हे, की आता दाखवतो, बाजारातला माणूस काय असतो ते.

जुन्या जालन्यात मस्तगडच्या बाजूला एक दगडी इमारत आहे. माझ्या आठवणीत ती रुईचं गोदाम होती. मग तिथे पेंडीची पोती राहायची. आता काही शिकलेल्या मंडळींनी भिंतींना चुना मारून, वर दिवे लावून तिथे कलादालन केलं आहे. वरच्या मजल्यावर खोल्या आहेत, त्यांत चित्रकार पोरं काम करतात. आत शिरताना मला पेंडीचा वास येईल असं वाटलं होतं, पण रंगांचा आणि टर्पेंटाइनचा आला. लोक हळू बोलत होते. एकेका चित्रासमोर पाच-पाच मिनिटं उभे राहत होते.

मुलीने आम्हाला स्वतः फिरवलं. तिची आई प्रत्येक चित्राला "छान आहे बाई" म्हणत होती. मी खालच्या किमती वाचत पुढे सरकत होतो. कोपऱ्यातल्या चित्रासमोर मात्र मी थांबलो. तो आमचा अंबडचा बाजार होता, उठून गेल्यानंतरचा. एकही बैल नाही, एकही माणूस नाही. नुसते खुंटे, शेण, तुटलेली दावी आणि पाण्याचा हौद. पण प्रत्येक खुंट्याभोवतीची जमीन गोल उकरलेली होती, दिवसभर बांधलेला बैल फिरून फिरून उकरतो तशी. हे तिने कधी पाहिलं असेल? लहानपणी ती माझा डबा घेऊन यायची तेव्हाच. हौदाच्या डाव्या अंगाला, जिथे मी उभा राहायचो, तिथली जमीन पायांनी दाबून गुळगुळीत झालेली दाखवली होती.

मी वाकून ती जागा जवळून पाहिली. पण माल आवडला की पहिल्यांदा नावं ठेवायची, ही माझी चाळीस वर्षांची रीत. मी म्हणालो, "रिकामा बाजार कोण घेणारे गं? एखादा बैल तरी काढायचा."

ती हसली. म्हणाली, "हे कोणी घ्यायचं न्हाईच पप्पा."

चित्राखाली बारीक अक्षरात चिठ्ठी होती. विक्रीसाठी नाही. बाकी सगळ्या चित्रांखाली किमती होत्या.

आता इथे माझं काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण माझी सगळी शरम इथून सुरू होते. आमच्या बाजारात जो माणूस बैल घेऊन येतो आणि म्हणतो, "विकायचा न्हाई, नुसता हिंडवायला आणलाय," तो सगळ्यात पक्का विकणारा असतो. तो नाही म्हणतो तेव्हा भाव सुरू होतो. माझ्या डोळ्यांना ती चिठ्ठी तशीच दिसली. मला वाटलं, पोरगी माझीच आहे. सगळ्यांत चांगला माल कोपऱ्यात ठेवून वर 'नाही' लिहिलंय. मला इतका अभिमान वाटला की मी तिच्या पाठीवर थाप मारली. ती कशाची, ते तिला कळलं नाही.

ती तिच्या सरांना भेटायला दुसऱ्या दालनात गेली आणि तेवढ्यात शेठजी आले. शेठजी जालन्यातले जुने पेंडीचे व्यापारी. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठजी आमच्यापेक्षा चांगली मराठवाडी बोलतात. त्यांच्या शेतावरचे निम्मे बैल माझ्या हातून गेले आहेत.

"काय दलाल," ते म्हणाले, "तू इथं? चित्राचे दात बघून राह्यला का?"

"पोरीचं प्रदर्शन आहे शेठजी."

ते कोपऱ्यातल्या चित्रासमोर आले आणि तिथेच उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. "अरे, हा तर आपला बाजार. हा हौद... माझे वडील इथं बसायचे बघ, या कट्ट्यावर." मग त्यांनी खाली वाकून चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे बघून हसले. "विकायचं न्हाई म्हणे."

"लिहिलंय तसं," मी म्हणालो.

"मंग काढ हात."

मी खांद्यावरचा रुमाल काढला. त्यांनी हात पुढे केला. रुमालाखाली त्यांनी माझी बोटं धरली, मी मान हलवली, त्यांनी आणखी एक बोट वाढवलं, मी पुन्हा मान हलवली. किती वर्षांनी तो खेळ खेळत होतो. भोवती माणसं जमली. एका बाईंनी शेजारणीला हळूच विचारलं, "हा कार्यक्रमाचा भाग आहे का?" कोणी मोबाइल काढला. मला चेव चढला. शेवटी चांगला भाव आला, भिंतीवरच्या कोणत्याही चित्रापेक्षा चांगला. मी त्यांच्या तळव्यावर टाळी दिली. सौदा पक्का.

मुलगी गर्दीतून पुढे आली. "पप्पा, काय चाललंय?"

"विकलं तुझं चित्र. शेठजींनी घेतलं."

"खालचं वाचलं न्हाई का तुम्ही?"

"वाचलं म्हणून तर भाव चढला."

शेठजी हसले, आणखी दोघं हसले. ती हसली नाही. "पप्पा, ते खरंच विकायचं न्हाई."

"आता झालं. मी जबान दिली."

"चित्र माझंय. तुम्ही जबान कशी दिली?"

हे ती हळू आवाजात म्हणाली होती. पण ते सगळ्यांसमोर म्हणाली, आणि शेठजींसमोर. माझं डोकं फिरलं. माझ्या रागाला बाजारात सगळे ओळखतात. कित्येक सौदे लोकांनी नुसते माझा आवाज बंद व्हावा म्हणून उरकले आहेत. तो आवाज त्या दिवशी त्या चुन्याच्या भिंतींमध्ये मी लावला.

"ह्याच जबानीवर शिकलीस तू. हे रंग कोणाच्या पैशाचे? हा कागद कोणाच्या पैशाचा? सांग ना सगळ्यांना."

गोदाम मोठं होतं. आवाज फिरून परत माझ्याकडे आला.

शेठजींनीच मध्ये हात घातला. "राहू दे रे दलाल. लेकरू न्हाई म्हणतंय. मी सौदा सोडतो."

सोडतो म्हणाले ते. स्वतःहून. मी फक्त 'बरं' म्हणायचं होतं. पण मी म्हणालो, "न्हाई शेठजी. बिलकुल न्हाई. माझा शब्द कधी फिरला न्हाई."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग ती भिंतीपाशी गेली, चित्र उतरवलं, आतून एक जुनी चादर आणून त्यात गुंडाळलं आणि शेठजींच्या हातात दिलं. "काका, ऊन येतं तिथं लावू नका," ती म्हणाली. "रंग उडतो." तेवढंच.

घरी परततानाही मी गाडीत खुशीतच होतो, हे लिहायला मला आज जड जातं. मी तिच्या आईला भाव कसा चढवला ते सांगत होतो. अंबड जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "निघताना तिनं तुमच्याकडं एकदाबी बघितलं न्हाई." भावाची गोष्ट मी तिथेच सोडली.

त्यानंतर मुलीचे फोन आईच्या मोबाइलवर यायचे. मी शेजारी बसलेलो असायचो. "पप्पा कसे आहेत?" असं ती विचारायची आणि आई "बरे आहेत" म्हणायची. भांडण असतं तर मला सोपं गेलं असतं. भांडणात मी हुशार आहे.

एक दिवस कोणाला न सांगता मी संभाजीनगरला गेलो. दोन कलादालनं पाहिली, एक संग्रहालय पाहिलं. मला समजून घ्यायचं होतं की मी चुकलो ते कुठे. संग्रहालयात एका जुन्या चित्रासमोर बसलेल्या माणसाला मी विचारलं, "हे न विकायचं म्हणतात, ते कुठपर्यंत न विकायचं असतं?"

तो म्हणाला, "म्हणजे काय काका?"

"म्हणजे कितीला तयार होतात?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून निघालोच. बाहेर पायरीवर बसलो. मी थट्टा करत नव्हतो, मला खरोखर माहीत नव्हतं. साठीला आलो, पण माझ्या ओळखीतला एकही 'नाही' असा नव्हता, ज्याच्यामागे आकडा नव्हता. पोरीने दोन वर्षांपूर्वी मला येऊ नका म्हटलं होतं, ते मी कंटाळेन म्हणून नव्हतं. मी असा बोलेन म्हणून होतं. आणि मी अगदी तसाच बोललो होतो.

तिथून मी सरळ शेठजींच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा झालेला सौदा मोडायला. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. चित्र सावलीच्या भिंतीला होतं. समोर खुर्चीत त्यांचे वडील बसले होते, नव्वदीच्या पुढचे. चित्राकडे बघत होते.

"दिवसभर इथंच बसतात," शेठजी म्हणाले. "कोणता बैल कुठं बांधला व्हता ते सांगतात. आता तूच सांग, कसं काढू?"

"पाया पडतो शेठजी."

"त्या दिवशी सोडत व्हतो, तवा तू जबान घेऊन बसला." ते रागावले नव्हते. त्यामुळे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीकडे गेलो. कलादालनाच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर तिने मैत्रिणींबरोबर खोली घेतली आहे. जिना चढलो आणि दारातच उभा राहिलो. ती एकटीच होती. एक मोठा कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता.

"शेठजींकडं गेल्तो," मी म्हणालो. "परत मागायला. दिलं न्हाई."

"मागायला कशाला गेले?" ती म्हणाली. "त्यांनी घेतलं, त्यांचं झालं. आता त्यांना वाटंल, मीच पाठवलं तुम्हाला."

इथेही मी तिला विचारलं नव्हतं. दाराची चौकट धरून मी म्हणालो, "का विकायचं नव्हतं, तेवढं सांग."

"का ते सांगावंच लागतं का पप्पा?"

मी उत्तर देणार होतो. मग लक्षात आलं की मी कारण कशाला विचारतोय. समोरच्याच्या 'नाही'मागचं कारण कळलं की त्याला कसं वळवायचं ते कळतं, हा माझा धंदा. चित्र तर केव्हाच गेलं होतं, तरी मी तेच करत होतो. मी म्हणालो, "न्हाई. नको सांगू."

ती ब्रश पुसत राहिली. मी म्हणालो, "ते त्या दिवशी बोललो ना, ते..."

"कोणतं?"

"ते. रंगाचं."

"काय बोलला व्हता?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "रंगाची ट्यूब उघडली की ऐकू येतं मला. तुम्ही एकदा बोला. इथं. हळू."

तेच वाक्य मी भरल्या दालनात न अडखळता ओरडलो होतो. आता ऐकायला एकच माणूस होतं आणि माझी जीभ उचलत नव्हती. खालून कोणीतरी खिळा ठोकत असल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "हे रंग कोणाच्या पैशाचे?"

हळू बोललं की ते वाक्य आणखी वाईट वाटतं. ओरडताना निदान राग तरी होता त्यात.

"पुढचं," ती म्हणाली.

"हा कागद कोणाच्या पैशाचा?"

"आणि शेवटचं?"

"सांग ना सगळ्यांना."

तिने मान हलवली. माफ केलं असं नाही, ऐकलं एवढंच. मी चुकलो असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण ती म्हणाली, "आता राहू द्या. आज एवढंच पुरे." मग तिने एक स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं आणि तो मोठा कॅनव्हास फिरवला. त्यावर अजून फक्त कोळशाच्या रेघा होत्या, काय होणार ते कळत नव्हतं. माझ्याकडे पाठ करून ती कामाला लागली.

मी बसलो. किती वेळ बसायचं ते तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नाही.