शेवट विचारणारा

"शेवटाला काय झाला?"

खेळ सुटला की तंबूच्या दारात उभा राहून दादूस प्रत्येकाला हेच विचारायचा. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. हिवाळ्यात पनवेलच्या मोकळ्या मैदानावर आमचा तंबूतला सिनेमा लागायचा. मी मशीन चालवायचो, तो दारावर तिकिटं फाडायचा. जवळच्याच विचुंबे गावचा शेतकरी गडी. दादूस म्हणजे त्यांच्या बोलीत थोरला भाऊ; पोरंटोरंच काय, आमचे मालकसुद्धा त्याला दादूसच म्हणत. मला मात्र त्यानं कधी नावानं हाक मारली नाही. म्हणायचा, "आपरेटर".

आता तुम्ही म्हणाल, दारावरच्या माणसाला शेवट माहीत नसतो होय? नसतो. शेवटचं रीळ लागलं की तो बाहेर जाऊन गॅसबत्त्या पेटवायचा, कनाती वर बांधायचा, वाटेतच सोडलेल्या बैलगाड्या बाजूला घ्यायला लावायचा. नाहीतर अंधारात चेंगराचेंगरी ठरलेली. मी एकदा म्हटलं, तुझं काम एक दिवस दुसऱ्या कुणाला सांगतो, तू बस आत. तर म्हणाला, आपल्या डोळ्यांनी एक शेवट बघण्यापेक्षा पन्नास तोंडांनी पन्नास ऐकावेत. आणि काय एकेक ऐकायला मिळायचं हो! करंजा बंदरावरून सुकी मासळी घेऊन येणारी एक बाई खलनायकाला सिनेमातल्यापेक्षा दुप्पट मारून सांगायची. गावातला एक शिंपी गोष्ट राहिली बाजूला, नायिकेच्या पोलक्याची शिवण कशी चुकली तेच सांगत बसायचा. दादूस सगळं मान डोलावून ऐकायचा आणि त्या सगळ्याचा मिळून भलताच शेवट मला येऊन सांगायचा. हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

मग त्याचा आवाज बसला, तो बसलेलाच राहिला. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात त्याला मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि मला नि त्याच्या बायकोला सांगितलं, घशात वाईट रोग आहे, आता फार दिवस नाहीत. वहिनी पदराचा बोळा तोंडात धरून उभ्या राहिल्या. बाहेर येऊन आम्ही दोघांनी त्याला सांगितलं, घशाला सूज आलीय. त्या काळी असंच करत. रोग्याला त्याचं मरण कुणी सांगत नसे. पनवेल तेव्हा केवढंसं. बघता बघता सगळ्यांना कळलं, एक त्याला सोडून.

आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे तो सिनेमा आला. दोन दोस्त. एकाला जीवघेणा रोग, आणि दुसरा त्याला हसवायला नाही नाही त्या उचापती करतो. लोक पोट धरधरून हसायचे. शेवटच्या रिळात आजारी दोस्त मरायचा आणि अख्खा तंबू नाक ओढायला लागायचा.

पहिल्याच खेळाला मला कळून चुकलं. आता हा विचारणार. लोक बाहेर पडू लागले तसा मीही दारापाशी येऊन उभा राहिलो. त्यानं घोगऱ्या आवाजात शिंप्याला विचारलं. शिंप्यानं डोळे पुसले नि म्हणाला, "वाचतो. औषध लागू पडतं त्याला." मागून मासळीवाली आली. तीही म्हणाली, वाचला, चांगला खडखडीत बरा झाला. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण ज्याला विचारावं त्याचं हेच. डोळे लाल, नाकं सुजलेली, आणि म्हणे दोस्त वाचतो! सिनेमा होता तितके दिवस सबंध पनवेल त्याच्याशी खोटं बोललं. मला त्या लोकांची इतकी माया वाटली, आणि दादूसकडे मात्र बघवेना.

सिनेमा उतरला त्या दिवशी तो माझ्या मशीनपाशी येऊन बसला.

"आजवर दोन मानसांनी कधी सारखा शेवट सांगला नाय," तो म्हणाला. "ह्या टायमाला सगली एकच सांगतान. आपरेटर, तू बोल. मरतो ना?"

मी रीळ डब्यात ठेवत होतो. खोटं तोंडात तयार होतं, पण तो समोर बसलेला असताना ते निघेना.

"मरतो," मी म्हटलं.

त्यानं डब्याचं झाकण उचलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "दोस्त व्हता त्याचे जवल?"

"होता."

"मंग तू पन ये."

मी गेलो. होळी होऊन गेली होती, विचुंब्याची शेतं मोकळी पडली होती. मालकांना सांगून मी मशीन दुसऱ्याच्या हाती दिलं आणि दादूसच्या ओटीवर मुक्काम ठोकला. त्याच्या घशातून पाणीसुद्धा उतरत नव्हतं. सिनेमातल्या दोस्तासारखं त्याला हसवायचं मी फार ठरवलं होतं, पण मेली एकही उचापत धड सुचली नाही. नुसता बसून होतो. तोच मधूनमधून माझ्याकडे बघून हसायचा, जसा काही आजारी मीच. मला रडू आलं की हातानं दटावायचा.

एका दुपारी त्यानं माझा हात मागितला आणि घट्ट धरला. कितीतरी वेळ तो धरून होता. मग वहिनींनी पुढं होऊन त्याचे डोळे मिटले, घरात रडणं उठलं, शेजारपाजारची माणसं गोळा झाली. माझा हात अजून त्याच्याच हातात होता. लोकांना त्याला उचलायचं होतं, म्हणून शेवटी त्याचं एकेक बोट मीच सोडवलं.