फौजदारानं शांत केलेली वाट

पेठ गावच्या माळावरली बाळाबाई शाळेत गेली नाही, पण दोनशे मेंढरांतलं कुठलं लंगडतंय ते पाठमोरी बसून सांगते. दरसाल दिवाळी सरली की ती आणि तिचा नवरा चिमाजी मेंढरं घेऊन डोंगरातनं कोकणात उतरायची. दोन सालं झाली, ती वाट बंद पडली होती.

झालं होतं असं. डोंगरातल्या जानकूच्या खळ्यावर चिमाजीची मेंढरं घुसली. दगड सुटले, दोघांची डोकी फुटली. फौजदारानं दोघांना एका बाकावर बसवलं, दम भरला, कागदावर सह्या घेतल्या अन् म्हणाला, "झालं, शांत झालं."

शांत झालंच. जानकूच्या वाडीनं वाटेवर काट्या टाकल्या. मेंढरं नाशिक रोडनं आळेफाटा, ओतूर करत माळशेजला जायला लागली. गेल्या साली एका ट्रकखाली अकरा गेली. यंदा बाळाबाई अडून बसली.

"मी त्या रोडनं यायची न्हाई. जानकूकडं जाते."

"अगं, कागद झालाय," चिमाजी म्हणाला. "मिटलंय ते."

"मिटलंय तर काट्या कशापायी? दम दिला की कुत्रंबी गप बसतं. त्याला मिटनं म्हनत्यात व्हय?"

ती एकटीच एष्टीनं गेली. जानकू ओट्यावर होता. त्यानं तोंड फिरवलं.

"आमाला शांत करनारं लई येऊन गेलं, बाई. पनज्याच्या टायमाला गोरा सायेब आलता. बंडवाल्यांची घरं जाळली, अन् वर कळिवलं, मुलूख शांत झाला."

"मी शांत कराया आले न्हाई," बाळाबाई तिथंच बसली. "आमचं काय चुकलं ते इचाराया आले. कागदात नुस्त्या चार पेंढ्या खाल्ल्याचं हाय."

तशी जानकूची बायको इंद्रायणी आतनं तरातरा आली. "चार पेंढ्यांना कोन रडतंय? येगळी ठिवलेली पेंढी बियाची व्हती. रायभोग भाताची. माज्या सासूनं राखलेलं बी. इचारलं का फौजदारानं?"

बाळाबाई आता खरं ते बोलली. "आमच्या मालकानंच ती मेंढरांम्होरं सारली. बाजूला पडलीय म्हंजी टाकाऊ, आसं वाटलं त्याला. माळावरचं येडं, भाताचं त्याला काय कळतंय!"

इंद्रायणी हसली नाही. पण तिनं चहा टाकला.

पुढचे आठ दिवस बाळाबाई डोंगरातल्या वाड्या पालथ्या घालत हिंडली. खतासाठी जिथं जिथं त्यांची मेंढरं शेतात बसली होती, त्या घरांना विचारलं. चौथ्या वाडीत रायभोगाचं पायलीभर बी मिळालं. चिमाजीला बोलावून ते त्याच्या डोक्यावर दिलं अन् ती त्याला जानकूच्या घरी घेऊन आली.

इंद्रायणीनं दाणा दाताखाली धरून पाहिला. "बी त्येच हाय. पन सासूच्या हातचं न्हाई."

"न्हाईच," बाळाबाई म्हणाली. "त्याची भरपाई माज्याकडं न्हाई."

इंद्रायणीनं बी आत नेऊन ठेवलं. "काट्या उद्या काढते. अन् जाताना दोन दिस मेंढरं आमच्या खालच्या खाचरात बसवा. दोन सालं खत न्हाई रानाला."

आठवड्यानं मेंढरं वाडीवर आली. चिमाजी मान खाली घालून चालला होता. जानकू बांधावर उभा. मेंढरं ओढ्याकडं वळली तसा जानकू ओरडला, "आरं, तिकडं गाळ हाय! वरल्या अंगानं काढा!"

"बरं," चिमाजी म्हणाला, आणि मेंढरं वळवली.