चुकीचा नव्हता तो, डिमिनिश्ड होता!

नाही हो, गिटार ट्यूनमध्येच होती! कालच्या प्रॅक्टिसच्या फोटोखाली "गिटार बेसूर होती म्हणे?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं ना, त्यांच्यासाठी लिहितोय... कारण माझा राग अजून गेलेला नाही.

शनिवारी वरोरला एका हळदीत आमच्या ग्रुपचा प्रोग्राम आहे, माझा पहिलाच. काल दुपारी डहाणूत जिग्नेशदादाकडे प्रॅक्टिस होती. की-बोर्ड त्याचा, ग्रुप त्याचा, आणि कोण वाजवणार हेही तोच ठरवतो.

मनालीताई पांढरी एकमध्ये गाते, म्हणजे सी मेजर. गाणं सीवरून डी मायनरला जाताना मध्ये मी सी शार्पचा डिमिनिश्ड कॉर्ड टाकतो, जरा टोचणारा, पण पुढच्या कॉर्डकडे ओढून नेणारा. बफर होणारे व्हिडिओ बघत बघत शिकलोय तो! तीच बोटं तीन फ्रेट पुढे सरकवा, तरी तेच चार सूर... हे कळलं तेव्हा मी घरात ओरडलो होतो.

पण काल तो कॉर्ड आला की सगळ्यांची तोंडं वाकडी. दादा म्हणाला, "ए गिटार, शुं करे छे? लग्नघर आहे, भुताचा पिक्चर नाही!" ढोलकीवाला तर हसून लोळायचा बाकी होता. परत वाजवला तर, "साधं वाजव, नाहीतर शनिवारी टाळ्या वाजवायला ये."

आता ऐका. दादा ऑटो कॉर्ड लावून डाव्या हाताच्या एका बोटाने वाजवतो, एक बोट दाबलं की अख्खा कॉर्ड मशीनच वाजवते. त्याच्या त्या मोडमध्ये डिमिनिश्ड येतच नाही! मी सी शार्पवर, की-बोर्ड सीवरच अडलेला... घाण वाटणारच ना? हे सांगायला गेलो तर, "मला शिकवतो काय?"

तेवढ्यात परत गाणं सुरू झालं आणि लाइट गेली. माईक बंद, की-बोर्ड बंद. ताई थांबली नाही, म्हणून मीही नाही... तिचा आवाज, ढोलकी आणि माझी अकूस्टिक. तो कॉर्ड आला आणि ताईने गाता गाताच माझ्याकडे बघून मान डोलावली. काय मस्त उतरलं ते डी मायनरवर!

गाणं संपल्यावर दादाने माझी पाठ थोपटली. "बघ, तो चुकीचा कॉर्ड काढून टाकलास तर किती गोड वाटलं! शनिवारी अस्संच पाहिजे."

काढला नव्हता! वाजवला होता!!

मी तोंड उघडणार, तर ताईने हळूच हात दाबला... "शनिवार होऊ दे रे." थँक्यू ताई, तुला तरी ऐकू आलं.

पण शनिवारी लाइट असणार, की-बोर्डही असणार. दादाला आत्ताच खरं सांगून प्रोग्राम घालवू, की गप्प बसून साधं वाजवू? तुम्ही काय केलं असतं?