अलाबीच्या आईचं गाणं

जिमोबाबांनी पंचाहत्तरी ओलांडल्यावर नवा अल्बम काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने पहिलं काम काय केलं असेल, तर सॅक्सोफोनची पेटी पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलून दिली. आम्ही त्यांना इया तावा म्हणतो, म्हणजे तावाची आई.

"वाकून काढता आली तर वाजवा," त्या म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या.

जिमोबाबा पालथे पडले, छत्रीच्या मुठीने पेटी ओढून काढली, खोकत खोकत उठले आणि अंगावरची धूळही न झटकता मला फोन लावला. "निके, गळा शिल्लक आहे का, की मशीनखाली घालून शिवून टाकलास?"

गळा होता. मी शोमोलू भागात लग्नाबारशाचे कपडे शिवते, पण त्याआधी अर्धं आयुष्य मी जिमोबाबांच्या बँडमध्ये मागच्या रांगेत उभी राहून गायले आहे. ते एक ओळ फेकायचे, आम्ही तिघी ती झेलून परत फेकायचो. एकेक गाणं अर्धा तास चालायचं. कुणी कंटाळलं तर ते म्हणायचे, "अमालाचं पीठ आणि अफ्रोबीट, दोन्ही घोटावं लागतं. घाई केलीत की गुठळ्या होतात."

बँड आता उरला नव्हता. काही जण देवाघरी गेले, काही मुलांकडे परदेशी. आमचा ट्रम्पेटवाला वारला, त्याचा मुलगा बायो मुशिनमध्ये स्टुडिओ चालवतो. खाली गाद्यांचं दुकान, वर स्टुडिओ, आणि विकल्या न गेलेल्या गाद्या भिंतींना लावलेल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बापाच्या आठवणीखातर बायो म्हणाला, "बाबा, माझी जागा तुमची. कधीही या."

गिटारवाले मिळाले, ट्रम्पेटला चर्चमधली एक बाई मिळाली, मण्यांची जाळी घातलेला भोपळा, म्हणजे शेकेरे, वाजवायला माझी जुनी जोडीदारीण आली. अडलं ते ड्रमवर. तीन जण येऊन गेले. तिसऱ्याचा हात फार तयार होता. जिमोबाबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला थंड मिरिंडा पाजलं आणि तो गेल्यावर म्हणाले, "छान वाजवतो. फक्त पोलीस मागे लागल्यासारखा वाजवतो."

शेवटी बायो दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, ड्रम मशीनवर करू या का?"

कुठला ड्रमवाला हवा होता ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो जिमोबाबांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहत होता, आणि वीसेक वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं.

अलाबीबाबा. एका हाताने झांज कुजबुजायला लावायची, दुसऱ्याने ढोल बोलता करायचा, आणि चेहरा असा की माणूस बसची वाट बघतोय. दोघं पोरवयापासूनचे मित्र. सुरुवातीच्या दिवसांत बँडजवळ काहीच नव्हतं, तेव्हा सराव व्हायचा अलाबीबाबांच्या घराच्या मागच्या अंगणात, आणि पोट भरायचं त्यांच्या आईच्या कढईवर. मामा आसाबी मुशिनच्या बाजाराच्या कोपऱ्यावर अकारा तळायच्या. चवळीचे ते गरम वडे पावात घालून त्या आम्हाला द्यायच्या आणि वर शिव्याही द्यायच्या, की तुमच्या गोंगाटाने माझं गिऱ्हाईक पळतं. गिऱ्हाईक उलट वाढायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मामा आसाबी गेल्या तेव्हा जिमोबाबा शेजारच्या देशात, कोतोनूला कार्यक्रमाला गेले होते. आमच्यात माती त्याच दिवशी होते, तेव्हा त्याला इलाज नव्हता. पण आठव्या दिवसाच्या दुआलाही ते आले नाहीत. सगळा बँड एकाच निळ्या कापडाचे कपडे घालून बसला होता, कपडे मीच शिवले होते, आणि जिमोबाबांची खुर्ची रिकामी. त्यांनी स्वतःऐवजी मेंढा पाठवला. मोठा, पांढराशुभ्र, शिंगांना रिबीन बांधलेला.

अलाबीबाबांनी तो मेंढा भर उन्हात चालवत परत नेला, जिमोबाबांच्या फाटकाला बांधला आणि दारातून ओरडून सांगितलं, "माझी आई गेलीय. मी मटण मागितलं नव्हतं."

झालं. तेव्हापासून शुक्रवारच्या नमाजालाही दोघं एका रांगेत उभे राहायचे ते मध्ये चार माणसं ठेवून. एखादा माणूस कमी पडला तर इमामसाहेब स्वतः इकडेतिकडे बघून कुणाला तरी मध्ये सरकवायचे.

मशीनचं नाव निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी जिमोबाबा माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले, दम खाल्ला. "निके, एक गाणं केलंय. मामा आसाबीवर."

त्यांनी ते गुणगुणलं. मी सुई टोचून घेतली बोटात, इतकं ते सरळ आत गेलं.

"हे घेऊन त्याच्याकडे जायचंय," ते म्हणाले. "तू चल. एकट्याने गेलो तर तो मला हाकलेल. बाईमाणसासमोर जरा हळू हाकलेल."

अलाबीबाबा दुपारी कुठे असतात ते अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. पंक्चरवाल्याच्या टपरीबाहेर, बदामाच्या झाडाखाली, सोंगट्यांचा पट मांडून. आम्ही दोन गल्ल्यांसाठी रिक्षा केली, कारण जिमोबाबांना चालताना धाप लागते आणि धापा टाकत तिथे पोहोचायचं नव्हतं. रिक्षात त्यांनी बोलायचं सगळं पाठ केलं. उतरल्यावर सगळं विसरले.

अलाबीबाबांनी मान वर केली नाही. सोंगटी सरकवली. समोरचा खेळणारा मात्र उठून उभा राहिला, लग्नात नवरी आल्यासारखा.

"निके," जिमोबाबा म्हणाले, "म्हण."

आणि भर रस्त्यात, पंक्चरवाल्याचा पंप फटफटत असताना, आम्ही म्हटलं. ते गायचे, मी झेलायचे.

"सकाळच्या पारी तेल तापलं,"
"मामा आसाबी, तेल तापलं!"
"उपाशी पोरांनो, या रे या,"
"मामा आसाबी, आलो गं आलो!"

पंक्चरवाल्याने पंप बंद केला. गाणं संपलं. अलाबीबाबांनी आणखी एक सोंगटी सरकवली, समोर कुणी खेळायला नसतानाही.

"खोटं आहे," ते म्हणाले.

"काय खोटं आहे?"

"सकाळच्या पारी कसली? सकाळी ती चवळी भिजवायची, सालं काढायची. कढई संध्याकाळी चढायची. तू फुकट खायला कधी यायचास ते आठव."

जिमोबाबा म्हणाले, "संध्याकाळी."

"मग संध्याकाळी म्हण." अलाबीबाबांनी आता पहिल्यांदा वर बघितलं. "ड्रम कोण वाजवतंय यावर?"

"मशीन."

"काय?"

"मशीन. बायो लावणार आहे. बटन दाबलं की..."

अलाबीबाबा उभे राहिले. पट कलंडला, सोंगट्या नाल्याच्या कडेपर्यंत घरंगळत गेल्या. "माझ्या आईच्या गाण्याला मशीन? अरे लाज वाटते का तुला! जिने तुला खाऊ घातलं तिच्या गाण्याला बटन दाबतोस? अल्ला बघतोय वरून!"

"मग तू ये ना!"

"बोलावलंस का? वीस वर्षांत एकदा तरी बोलावलंस?"

"तुझा चेहरा बघून कुत्रंसुद्धा जवळ यायचं नाही, मी काय येणार!"

लोक जमले होते. मी मध्ये पडायला निघाले, इतक्यात अलाबीबाबांचा आवाज एकदम खाली आला. "का आला नाहीस, जिमो? आठव्या दिवशी तू कोतोनूला नव्हतास. आदल्याच दिवशी परत आला होतास. मला बसवाल्याने सांगितलं होतं."

मला हे माहीत नव्हतं. इया तावांनीही कधी सांगितलं नव्हतं.

जिमोबाबा झाडाला टेकले. "माझी आई गेली तेव्हा मी चालायला शिकत होतो. मला तिचा चेहरा माहीत नाही. आई म्हटलं की मला तुझ्याच आईचा चेहरा दिसतो. कपडे घालून बसलो होतो रे मी. निळे. फाटकापर्यंत तीनदा गेलो. तिच्या घरात ती नसणार, या विचाराने पाऊल पुढे पडेना. मग मेंढा पाठवला. मूर्खपणा केला."

"मोठाच केलास."

"हो."

"मला तेव्हा कुणीतरी तिच्यासाठी माझ्याएवढं रडणारं हवं होतं. तो तू होतास." अलाबीबाबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. पंक्चरवाला खाली बसून सोंगट्या गोळा करू लागला, म्हणजे कुणाकडे बघायला नको. मग अलाबीबाबा म्हणाले, "उद्या किती वाजता? आणि त्या बायोला सांग, स्टूल नीट ठेव. माझी कंबर सरकारी पुलासारखी झालीय, कधीही पडेल."

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओत आले ते इस्त्रीचे कपडे घालून. स्टूल उंच आहे म्हणाले, मग बुटकं आहे म्हणाले. ड्रमची कातडी मऊ, काठ्या हलक्या, गाद्यांना वास येतो. इया तावा दम्याचा पंप आणि मोइन-मोइनचा, म्हणजे चवळीच्या उकडलेल्या वड्यांचा, डबा घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अलाबी, नवरी बघायला आलायस की वाजवायला?" तेव्हा कुठे ते बसले.

आणि वाजवलं. काय सांगू? हात पूर्वीइतका चपळ नव्हता. पण ज्या ठिकाणी दुसरा कुणी ठोका देईल तिथे ते थांबायचे, आणि ती रिकामी जागाच आम्हाला ढकलायची. गिटारवाले एकमेकांकडे बघून हसायला लागले. माझे पाय आपोआप हलले, गुडघेदुखी विसरून.

गाणं ऐन रंगात आलं आणि लाइट गेली. गिटार मुकी झाली, माइक मेले. ड्रम थांबला नाही. शेकेरे थांबली नाही. ट्रम्पेटवाल्या बाईने डोळेही उघडले नाहीत. आम्ही गातच होतो. बायो काचेपलीकडून डोक्याला हात लावून धावत आला. "थांबा, थांबा! काही रेकॉर्ड होत नाहीये!"

"तुझं होत नाहीये," अलाबीबाबा वाजवता वाजवता म्हणाले. "आमचं होतंय."

ते गाणं तसंच पूर्ण झालं. खालच्या गादीवाल्याने आणि त्याच्या गिऱ्हाइकांनी जिन्यात उभं राहून ऐकलं, बाकी कुणी नाही.

जनरेटर लावून पुन्हा सुरू केलं. या वेळी जिमोबाबांनी सॅक्सोफोन उचलला. डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली होती, आणि इया तावा पंप हातात धरून खुर्चीच्या काठावर आल्या. पहिले काही सूर स्वच्छ निघाले. मग एका लांब सुरात आवाज फाटला आणि तुटला. जिमोबाबांनी वाद्य तोंडापासून दूर केलं, छाती धरली. त्यांची धाप माइकमध्ये घरघरत होती.

बायोचा हात बटनाकडे गेला. अलाबीबाबांनी नुसती मान हलवून त्याला अडवलं. झांज सोडली, वरचे ड्रम सोडले, फक्त पायाने मोठा ढोल ठेवला, अगदी सावकाश, माणूस दारात उभा राहून कुणाची तरी वाट बघतो तसा. आम्ही कुणी गायलो नाही. धाप हळूहळू खाली आली. जिमोबाबांनी डोळे पुसले, वाद्य पुन्हा ओठाला लावलं आणि तुटलेला सूर होता तिथून उचलला.

संपल्यावर जिमोबाबा म्हणाले, "ती धाप काढून टाक, बायो."

"काढतो, बाबा. सोपं आहे."

"राहू दे," अलाबीबाबा म्हणाले. "आई शेवटी शेवटी कढईवर वाकायची, तेव्हा तिलाही अशीच धाप लागायची. आणि ती काही आम्हाला उपाशी ठेवायची नाही."

इया तावांनी मोइन-मोइन वाढायला घेतलं. "राहू द्या," त्याही म्हणाल्या. "पुढल्या वेळी हे वाजवायला निघाले की मी हेच ऐकवीन."

धाप राहिली.

अल्बम आला. मोठा गाजला असं खोटं सांगणार नाही. रेडिओवाल्यांनी मामा आसाबीचं गाणं कापून चार मिनिटांचं केलं, तेव्हा जिमोबाबांनी फोन करून त्यांना विचारलं की तुम्ही मासा आणता तेव्हा फक्त शेपूट आणता का. पण आमच्या गल्लीतला न्हावी ते अख्खं लावतो, आणि दाढी झाली तरी माणसं खुर्चीवरून उठत नाहीत. बाजारात अकारा तळणाऱ्या बायका झेलायची ओळ म्हणतात. गाण्यात आता संध्याकाळ असली तरी सकाळी तळणाऱ्यासुद्धा.

एका शुक्रवारी नमाजानंतर दोघं कब्रस्तानात गेले. जिमोबाबांनी मामा आसाबीच्या कबरीपाशी काय म्हटलं ते मला ठाऊक नाही. अलाबीबाबा फाटकापाशीच थांबले होते, आणि त्यांनीही विचारलं नाही.

आता महिन्यातून एकदा मुशिनच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम असतो. जिमोबाबा खुर्चीत बसून वाजवतात. त्यांचा सूर जरा थकल्यासारखा वाटला, खांदे वर यायला लागले, की अलाबीबाबा मध्येच शिरतात आणि एकट्याने ड्रम वाजवत सुटतात, कधी कधी इतका वेळ की पोरं टेबलावर चढून नाचतात. तेवढ्यात जिमोबाबा पंप ओढतात, पाणी पितात आणि माझ्याकडे वळून कुरकुरतात, "बघितलंस? म्हातारा झाला तरी मिरवायची हौस जात नाही याची."

मी म्हणते, "हो ना, बाबा."