खिडकीसाठी एक हात

माझा धंदा ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा. पुलापलीकडे भंडारा, अलीकडे आमचं कारधा; तिथे घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. सायकलीशी माझा संबंध शाळेत असताना होता तेवढाच, तोही चेन पडली की शिव्या देण्यापुरता. तरी मागच्या वर्षी मी एक विजेवर चालणारी सायकल बनवली, दुमडून हातात धरता येईल अशी. लोक विचारतात, हे खूळ डोक्यात कुठून शिरलं? खूळबीळ काही नव्हतं. बायकोवर शाळा सोडायची पाळी आली होती.

ती जिल्हा परिषदेची शिक्षिका. लाखांदूरच्या रस्त्यावर एक फाटा लागतो, तिथून आत पाच किलोमीटरवर तिचं गाव. गाव म्हणजे शाळेचं गाव, पण ती त्याला आपलंच म्हणते. कितीतरी वर्षं ती भंडाऱ्याहून सकाळच्या बसने अप-डाऊन करते आहे. तिच्यासोबतचे गुरुजी मोटरसायकलवर यायचे आणि फाट्यावर तिच्यासाठी थांबायचे. त्यांची बदली झाली, जागा रिकामी राहिली, आणि शाळा एकट्या तिच्या गळ्यात पडली. शाळेची किल्लीही तिच्याच पर्समध्ये. त्यात गुडघ्याने घात केला. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा. आता फाट्यापासून शाळा काय उडत जाऊन गाठायची?

चालत जायची तर परिपाठाची वेळ टळून जायची. पोरं कुलूपबंद दारासमोर पायरीवर बसलेली असायची, नाहीतर गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, खेळत असायची. पाळीवर खेळणाऱ्या पोरांची भीती गावाला वाटणारच. एक दिवस सरपंच शाळेत आले. माणूस सभ्य. तुमच्या शिकवण्याबद्दल कुणाची तक्रार नाही मॅडम, असं आधी म्हणाले, आणि मग दिवाळीनंतर काहीतरी पाहा असंही म्हणाले. त्या संध्याकाळी माझ्या आईला भरवता भरवता तिने मला हे सगळं सांगितलं. दिवाळीनंतर परिपाठाच्या आधी कुलूप उघडता आलं तर ठीक, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकणार. मग वाटीत चमचा फिरवत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले शाळा सोडाची नाई."

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशीही तापलं. पण कुणावर तापवायचं ते कळेना, तेव्हा दुकानात जाऊन एक चांगली पट्टी उगाच कापून टाकली.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले, सगळे उंटावरचे शहाणे. तिथंच खोली करून राहा म्हणे. अरे बाप्पा, घरी माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिला उठवून बसवायला दोघं लागतात. फाट्यावर स्कूटी ठेवा म्हणे. ठेवली असती, पण संध्याकाळची परतीची बस त्या फाट्यावर येतच नाही, ती तलावाच्या पलीकडच्या रस्त्याने येते. म्हणजे सकाळी गाडी एका टोकाला हवी आणि संध्याकाळी दुसऱ्या. घरूनच स्कूटीवर जा म्हणणाऱ्यांनी तो रस्ता ट्रकांच्या मधून एकदा स्वतः चालवून पाहावा. सरळ गोष्ट होती. गाडी तिच्यासोबत बसमध्ये चढली पाहिजे आणि तिच्यासोबत उतरली पाहिजे. दुमडणाऱ्या सायकली बाजारात मिळतात, आम्ही जाऊन पाहिल्या. उचलायला हमाल वेगळा घ्यावा लागला असता.

मग म्हटलं, मीच करतो. खिडकीला बिजागरी लावणाऱ्याला सायकलीला बिजागरी लावता येणार नाही का?

पहिली सायकल लोखंडी पाइपची केली. मजबूत झाली, फारच मजबूत. आपल्याकडे वस्तू जड असली की चांगली, हे माझ्याही हाडात भिनलेलं. मागच्या चाकात मोटर, मधल्या पाइपावर बॅटरीचा डबा, वर स्टँड, कॅरिअर, सगळं. दुमडून तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, उचल. तिने उचलली, गुडघ्यापर्यंत आणली आणि खाली ठेवली. आईने खाटेवरून विचारलं, तांदळाचा कट्टा आणला का रे? वजन जवळजवळ त्या छोट्या पोत्याएवढंच होतं.

मी विचारलं, किती हलकी पाहिजे ते तरी सांग. तिने हिशेब तयारच ठेवला होता. "भरल्या गुंडीपेक्षा जड नको," ती म्हणाली. पाण्याने भरलेली गुंडी, कळशीच म्हणा, ती अजूनही एका हाताने उचलते. मग मी आमची पाण्याची गुंडी भरून काट्यावर ठेवली आणि त्या वजनाला चिकटलो.

दुसरी सायकल ॲल्युमिनियमची. खिडकीचा माल इथे चालत नाही हे बिजागरीजवळ तडा गेल्यावर कळलं, म्हणून जाड पाइप आणला आणि आर्गन वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर बसून जोड मारून घेतले. बिजागरीची खिट्टी तीनदा बदलली. एकदा तर मी बसलो असताना ती उघडली आणि सायकल माझ्यासकट दुमडली. शेजारी हसले. हसोत.

वजन कमी करायचं म्हणजे घरात भांडण. स्टँड काढला तर ती म्हणाली, मग उभी कशी करू? म्हटलं, शाळेला भिंत आहे ना. मडगार्ड काढलं, तर पहिल्याच फेरीत साडीवर चिखलाची रांगोळी. मडगार्ड परत लावलं. पुढे टोपली पाहिजे, डबा आणि पोरांच्या वह्या कुठे ठेवू, म्हणाली. मी टोपली कापून टाकली आणि हँडलला कापडी पिशवी बांधून दिली. दोन दिवस मला पातळ वरण मिळालं.

एवढं करूनही गुंडीच्या वर वजन राहतच होतं. तेव्हा मला युक्ती सुचली, आणि खोटं कशाला सांगू, त्या युक्तीवर मी फार खूश होतो. बॅटरी सायकलीतून सुटी काढायची आणि हातात धरायच्या पिशवीत ठेवायची. एका हातात सायकल, दुसऱ्या हातात बॅटरी. वजन वाटून गेलं. बॅटरीही मोठी दिली, जाऊन येऊन पुरेल आणि वर उरेल अशी, कारण रस्त्यात संपली तर, ही धास्ती मलाच जास्त. जवाहरनगरला, कारखान्याच्या क्वार्टरमधल्या गुळगुळीत रस्त्यांवर मी ती आठवडाभर पळवली. एकदाही बंद पडली नाही. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या त्या दिवशी आम्ही दोघं भंडाऱ्याच्या स्टँडवर गेलो. मी मुद्दाम गेलो, कौतुक पाहायला.

मी मोटरसायकलवाला माणूस. रोज तिला स्टँडच्या फाटकाशी सोडायचो आणि परत फिरायचो. आत काय चालतं ते माहीत होतं, पण कधीपासून पाहिलं नव्हतं. बस वळली की थांबायच्या आधीच लोक तिच्या बाजूने पळतात आणि खिडकीतून सीटवर काहीतरी टाकतात. दस्ती म्हणजे हातरुमाल, टोपी, पिशवी, जे हातात असेल ते. ज्याची दस्ती सीटवर पडली त्याची जागा. मग तो सावकाश दारातून आला तरी चालतं. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडताना मी अजून कुणाला पाहिलं नाही.

बस वळली. माझी बायको त्या गुडघ्याने लंगडत चार पावलं पळाली, हातातली पिशवी उचलली आणि खिडकीतून आत फेकली. बॅटरी. माझी बॅटरी! सीटच्या लोखंडी दांड्यावर ती आदळल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. मी ओरडलो. सगळा स्टँड माझ्याकडे पाहायला लागला. ती शांतपणे दारातून चढली, सायकल पायाशी ठेवली आणि आपल्या जागेवर बसली. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. तोवर बस हलली.

फाट्यावर उतरून तिने बॅटरी लावली. सायकल सुरू झाली. रस्त्याच्या अर्ध्या भागावर लोकांनी धान वाळत घातलं होतं, त्याच्या कडेने ती छान गेली. पाळीच्या अलीकडे एक खड्डा लागला आणि सगळं बंद. आतला एक जोड सुटला होता. थोडं पायडल मारत, थोडं सायकल ढकलत, दुखऱ्या पायाने ती शाळेत पोचली तेव्हा पायरी रिकामी होती. पोरं घरी निघून गेली होती.

संध्याकाळी ती आली ती थेट मोरीत गेली. पाय धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आज कोनी नव्हतं. कुलूप मीच उघडलं अन् मीच लावलं." आणि महिनाअखेरीला अर्ज टाकते, असं आईला सांगितलं. मला नाही, आईला.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी भडकलो. बॅटरी काय फेकायची वस्तू आहे, इतकं राबून बनवलेली, शिकलेल्या बाईला एवढं कळत नाही, असं बरंच काही बोललो. तिने ऐकून घेतलं. मग एकदाच बोलली.

"अजी, बसमंदी चढताना बाईचा एक हात खिडकीसाठी असते. तुमी माये दोनी हात भरून देल्ले. मंग मी काय टाकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सोडून मी परत फिरलो नाही, स्टँडवरच एका खांबाला टेकून उभा राहिलो. पुढचे काही दिवस हाच उद्योग केला. लोकांचे हात पाहिले. ज्याचे दोन्ही हात भरलेले तो शेवटी चढतो, आणि शेवटी चढलेला लाखांदूरपर्यंत उभा जातो. माझ्या बायकोचा गुडघा तेवढा वेळ उभा राहू शकत नाही. जागा धरणं ही तिची सवय होती, पण आता ती गरजही होती. सायकल तिला फाट्यापासून शाळेत नेणार, पण फाट्यापर्यंत ती बसूनच गेली पाहिजे. मी पाच किलोमीटरचा विचार केला होता. तिचा रस्ता आमच्या दारापासून सुरू होत होता.

मग तिसरी सायकल. खरं म्हणजे दुसरीच, पोट फाडून. बॅटरी मधल्या जाड पाइपाच्या आत गेली पाहिजे, सुटं काहीच नको, हे ठरलं. पण मग सगळं वजन एका हातात, आणि गुंडी पुन्हा सांडणार. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी बॅटरी अर्धी केली. जाऊन येऊन पुरायचं आणि वर उरायचं, ही माझी धास्ती होती, तिची गरज नव्हती. तिला फक्त शाळेपर्यंत जायचं होतं. शाळेत टीव्हीसाठी प्लग आहे, दिवसभर तिथे चार्ज होईल, संध्याकाळी पलीकडच्या रस्त्यावरच्या बसपर्यंत पुरेल. चुकून संपलीच तर पायडल आहेत. अर्धी बॅटरी पाइपात गपकन बसली. जोड असे पक्के केले की भिंतीवर आपटली तरी सुटू नयेत. आपटूनही पाहिली. काट्यावर ठेवली तर गुंडी थोडी जड निघाली, सायकल हलकी. मला इतका आनंद झाला की आईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, आता एखादी खिडकी पण कर, गिऱ्हाइकं बोंबलून राहिली.

महिना संपायला आला होता. तिने सायकल उचलली, एका हाताने, आणि दुसरा हात वर करून उगाच हलवून पाहिला. स्टँडवर यायचं नाही, असं मला बजावलं. तुम्ही ओरडता, म्हणाली. पुलापलीकडे जाणाऱ्या ऑटोत बसली आणि गेली.

मी दुकानात आलो. एक गिऱ्हाईक मापं घेऊन बसलं होतं, त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. आता बस वळली असेल, आता दस्ती पडली असेल, आता फाटा आला असेल. ग्राइंडर चालू केला, बंद केला, परत चालू केला. पट्टी वाकडी कापली. आईनेही आतून दोनदा खोकून पाहिलं.

मग फोन वाजला. तिचाच. मी काय झालं, काय झालं म्हणत राहिलो, पण ती बोलेना. तिने फोन हातात नुसता धरून ठेवला होता. पलीकडे पोरांचा कालवा ऐकू येत होता. मग तिचाच आवाज आला, पण माझ्यासाठी नाही, मोठा आणि करडा, "सावधान!" एकदम शांतता. आणि पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

मी ग्राइंडर बंद केला आणि उभा राहिलो. गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहिलं, कान दिला, आणि तोही टेप खाली ठेवून उभा राहिला. माझे डोळे भरून आले होते, पण मी हात हलवला नाही.

"पोचली का रे?" आईने आतून विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. राष्ट्रगीत चालू असताना बोलायचं नसतं.