सहावा तुकडा

रविवारची दुपार कलली आहे. प्रयोगशाळेत पंख्याचा तेवढा आवाज आहे आणि मालन ओतारीची मान वहीवर पुनःपुन्हा झुकते आहे. मॅग्नेशियमचे सहा तुकडे तिने दहा दिवस मिठाच्या पाण्यात ठेवले होते. निओडिमियम या दुर्मिळ मृदा धातूची चिमूट मिसळली, की खाऱ्या पाण्यात झिजणारे मॅग्नेशियम तग धरते, हा तिचा सात वर्षांचा दावा. पाच तुकडे जवळजवळ जसेच्या तसे निघाले. सहाव्याची मात्र चाळण झाली. अहवाल उद्या द्यायचा आहे आणि सहाव्याची ओळ तिने कोरी ठेवली आहे.

"निजलीस व्हय गं?"

समोर आबा उभे आहेत. नऊ वर्षांपूर्वी गेलेले तिचे वडील, शिरोलीच्या फौंड्रीत जन्मभर साचे भरलेले. टेबलाखाली काळी वाळू पसरली आहे, भिंतीच्या जागी भट्टी धगधगते आहे. मालनला त्याचे नवल वाटत नाही.

आबा एक तुकडा तळहातावर तोलतात. "एवढा हलका? आन् खाऱ्या पाण्यात टिकला?"

"टिकला, आबा. मीच ओतलाय."

"आयला! बघा रं, माझ्या मालीनं केलंय!" भट्टीपाशी कोणीच नाही, तरी त्यांची छाती फुगते.

सहाव्यावर मालन हात ठेवते. "तो धरायचा नाही."

"का? त्यो काय सावत्र हाय?"

फौंड्रीची रीत मालनला ठाऊक आहे: फसलेला नग दाराशी ठेवायचा, त्यावर ओतणाऱ्याने स्वतःच आपले नाव लिहायचे. आबांचे नाव तिथे वाचून ती लहानपणी लाजेने चूर व्हायची.

"ह्याचा रस ढवळलास कशानं?"

आता ते घरच्या चुलीपाशी बसले आहेत.

"ढवळायच्या कांडीवरचा लेप वाळला नव्हता. घाई होती, म्हणून स्टेनलेसच्या पळीनं..." बोलता बोलताच ती थबकते. पळीतले निकेल रसात उतरले असणार. निकेलचा अंशही मॅग्नेशियमला पोखरतो.

"म्हंजे धातू चोख हाय. हात चुकला. लिव तसं."

"लोक हसतील, आबा."

"हसू द्यात. मला बी हसायची. पर मी चांगला म्हनलेला नग कुणी दोनदा तपासला न्हाई."

मालन डोळे उघडते. उन्हाची तिरीप टेबलावरून खाली उतरली आहे. सहाव्या ओळीत झिजेचा आकडा आहे, आणि पुढे तिच्याच अक्षरात, जरा वाकडे: 'स्टेनलेसच्या पळीने ढवळला. चूक माझी. पुन्हा ओतणार. मालन ओतारी.'

ती नावावर बोट ठेवते. शाई ओली आहे.