दोनशे सातची चादर

आधीच सांगते, आमच्या गावात चिंचेखालून जाताना बायका पदर सावरतात, तेव्हा हसणारी मुलगी मीच. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. इथले सगळ्यांचे अनुभव वाचते, अंगावर काटा येतो. माझ्या अनुभवात मात्र मला भीती कमी वाटली आणि संताप जास्त आला. असा अनुभव इथे चालेल का, माहीत नाही.

मी ओवे गावची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. पनवेलला हॉटेल मॅनेजमेंट करते. दुसऱ्या वर्षी ट्रेनिंग असतं, त्यात मला गोवा हायवेवरचं एक हॉटेल मिळालं. तीन मजले, खाली लग्नाचा हॉल. वऱ्हाडी मंडळी आणि द्रोणागिरीच्या गोदामांच्या कामाला येणारे बाहेरगावचे साहेब, हेच आमचे गेस्ट. मला हाउसकीपिंग दिलं, म्हणजे खोल्या आवरायच्या. बाबा म्हणाले, "चादरी झटकाला कॉलेज लागतं? आपल्या घरान चादरी नाय का?"

अशा वेळी मी तेव्हा गप्पच बसायचे.

आमच्या सुपरवायझर साळवी मॅडम. ट्रेनीने लावलेली खोली त्या दहा मिनिटांनी तपासायच्या. चूक सापडली की लॉगबुकात लाल पेनाने 'रिमेक', म्हणजे खोली पुन्हा लावा. तीन रिमेक झाले की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेलं तर बाबा कॉलेज बंद करणार, हे मला न सांगता माहीत होतं.

दुसऱ्याच आठवड्यात २०७ माझ्याकडे आली. खोली रिकामी, गेस्ट संध्याकाळी येणार. सकाळचे साडेअकरा. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका लख्ख दिसत होता — म्हणजे घाबरावं असं काहीच नाही. मी चादर ताणून लावली, कोपरे दुमडले, दार ओढून घेतलं. दहा मिनिटांनी मॅडमनी दार उघडलं, तर पलंगाच्या खिडकीकडच्या कडेला खळगा. कोणी बसून उठलं की पडतो तसा.

"बसली होतीस?"

"नाही मॅडम."

"मग काय, चादर दमून बसली?"

पहिला रिमेक. गेस्टच्या पलंगावर बसणं हा आमच्या कामात सगळ्यात मोठा गुन्हा, आणि तो मी केलाच नव्हता! चार दिवसांनी तीच खोली, तीच जागा, तोच खळगा. दुसरा रिमेक. मधल्या दिवसांत ती खोली शकूरचाचांनी लावली होती. चाचा तिथले सर्वांत जुने. त्यांची चादर अशी सपाट, की वरून मुंगी चालली तर दिसावी.

मी हट्टाने म्हटलं, गादी खराब असेल. मॅडमनी तिथल्या तिथे गादी उलटी करून पुन्हा चादर लावायला सांगितली. खळगा तिथेच. मी म्हटलं, कोणीतरी आत जात असेल. मॅडमनी दाराच्या कुलुपाचं रीडिंग काढायला लावलं. त्यात फक्त माझं कार्ड, आणि दहा मिनिटांनी मॅडमचं. मी बसले नाही याचा पुरावा मागितला, आणि मीच बसले याचा मिळाला. चादरींच्या खोलीत जाऊन मी रडले. भीतीने नाही हो, रागाने!

शकूरचाचा टॉवेल मोजत होते. म्हणाले, "पोरी, तू आत कशी जातेस ते दाखव."

मी २०७ ला कार्ड लावलं आणि दार ढकललं.

"दार कुठे वाजवलंस?"

"चाचा, शीटवर खोली रिकामी आहे."

"कागदावर रिकामी हाय. कागद आत जाऊन बघून आला का?"

नियम मलाही पाठ होता. दारावर तीनदा टकटक, मोठ्याने 'हाउसकीपिंग', थोडं थांबायचं, मगच आत. खोली भरलेली असो की रिकामी. पण रिकाम्या खोलीसमोर ओरडायची मला लाज वाटायची. खरं सांगू? भरलेल्या खोलीसमोरही मी पुटपुटायचे. कॉलेजात माझ्या इंग्रजी उच्चारांना मुली एकदा हसल्या होत्या, तेव्हापासून आवाजच निघत नव्हता.

मधे २०७ चाचांकडेच होती. शेवटच्या आठवड्यात परीक्षा. मॅडम लॉगबुक घेऊन मागे उभ्या, आणि खोली अर्थातच २०७! मी तीनदा वाजवलं. "हाउसकीपिंग." मलाच ऐकू आलं नाही. मागून मॅडमचा उसासा. मग माझी सटकली. गेले कित्येक दिवस नुसतं ऐकून घेतेय... "हाउसकीपिंग!" अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. आणि त्याच झटक्यात, गावात शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर म्हणतो तसं तोंडातून निघून गेलं, "येऊ का आत?"

थोडी थांबले. आत गेले. चादर लावली, खुर्ची नियमाप्रमाणे टेबलाखाली सरकवली. बाहेर आले. ती दहा मिनिटं मी आणि मॅडम दारासमोरच उभ्या होतो.

मॅडमनी दार उघडलं. चादर सपाट. एक सुरकुती नाही.

खुर्ची मात्र टेबलाखालून बाहेर, खिडकीकडे तोंड करून.

मॅडम खुर्चीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. स्वतः जाऊन खुर्ची आत सरकवली, लॉगबुकावर सही केली, आणि खुर्चीचा अर्धा मार्क कापला! माझ्यासोबत बाहेर उभ्या होत्या, तरी!

"मॅडम, ती खुर्ची मी आत सरकवली होती," मी म्हटलं. चक्क मोठ्याने म्हटलं. पूर्वीची मी असते तर गिळलं असतं.

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण लिहू काय?"

मी पास झाले. आता सुट्टीत तिथेच काम करते. गादी, स्प्रिंग, जवळून जाणारे ट्रेलर, सगळं डोक्यात घोळवून झालं. बाबांना सांगितलं तर ते नेहमीसारखे हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "इचारून जात जा."

राग अजून येतो. बसायचं होतं तर सांगून बसावं, माझं वर्ष गेलं असतं ना! पण मग वाटतं... मी तरी कुठे सांगून आत जात होते?